बापूचा आवाज

"हा फुगा हातात घ्या, आणि मनात साठलेली सगळी नकारात्मकता त्यात फुंकून टाका," परिमल सर म्हणाले.

आम्ही फुंकली. बायकांनी जरा संकोचत, पुरुषांनी एकमेकांकडे बघत. जालिंदर चौगुलेचा फुगा सगळ्यांत मोठा झाला. नाटकात कामं करून कमावलेली छाती होती त्याची. त्यानं फुग्याला गाठ मारली, माझ्या कानाशी वाकला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ताई, एवढीच निघाली. उरलेली पुण्याला घेऊन जातो."

एरवी मी फिस्सकन हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण तो खरंच पुण्याला निघाला होता.

आमची संस्था अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर उतरवायची. आता कॅसेट म्हटलं की माझी नातवंडं हसतात, पण तेव्हा तीच आमची सरस्वती होती. कोल्हापुरात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या भाड्याच्या खोल्या. गिरणी सकाळ-संध्याकाळ चालायची, म्हणून आमचं वाचन भर दुपारी. वाचायच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद, आणि पंख्याची घरघर टेपमध्ये येते म्हणून पंखाही बंद. मे महिन्यात आमचे वाचक बनियनवर बसून हिमालयातली प्रवासवर्णनं वाचायचे. मी काचेबाहेर कानाला हेडफोन लावून बसायचे, आणि शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की काचेवर टकटक करून त्यांना थांबवायचे. संस्थेची व्यवस्थापक मी, आवाजाची राखणदार मी, आणि खाली जाऊन चहा सांगणारीही मीच.

पगारी वाचक आमच्याकडे मोजकेच होते, आणि त्यांत जालिंदरची बरोबरी करणारा कुणी नव्हता. इतर लोक पुस्तक वाचायचे. जालिंदर पुस्तकातल्या प्रत्येक माणसाला स्वतःचा आवाज द्यायचा. म्हातारा असेल तर त्याचा दम लागणं वेगळं, खोटारडा असेल तर त्याचं गोड बोलणं वेगळं. एकदा दिलेला आवाज तो शेवटच्या पानापर्यंत सांभाळायचा. म्हणून तर आमच्याकडे नियमच होता, एक पुस्तक एकाच वाचकाच्या आवाजात. वाचक अर्ध्यात सोडून गेला, तर झालेलं सगळं पुसायचं आणि दुसऱ्याकडून पहिल्यापासून वाचून घ्यायचं.

त्या वर्षी पुण्याच्या एका खासगी रेडिओनं जालिंदरला बोलावलं. पगार आमच्या संस्थेला स्वप्नातही झेपला नसता. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं, मीही केलं, आणि घरी येऊन भाकरी करपवली. तो गेला तर आमची निम्मी पुस्तकं गेली, हे मला लख्ख दिसत होतं. वीस-पंचवीस तालुक्यांतली माणसं पोस्टाच्या पिशवीची वाट बघत बसायची, आणि त्या पिशवीत जालिंदर असायचा. मी मनाशी ठरवलं की ह्याला जाऊ द्यायचं नाही. कसं, ते ठाऊक नव्हतं, पण अशी बारीकसारीक अडचण मी कधी मनावर घेत नाही.

एकदा चहाच्या गाड्यावर मी त्याला सरळ विचारलं. "पगारासाठी चाललास का रे?"

"पगाराचं खोटं कशाला बोलू, ताई, पगार हवाच आहे. पण नुसतं तेवढंच नाही." त्यानं कप खाली ठेवला. "नाटकात एक वाक्य पडलं तर पुढच्या रांगेतला माणूस खोकतो. रंगलं तर टाळी येते. इथं मी काय करतो? गाद्यांना वाचून दाखवतो. इतकी वर्षं झाली, एकदा तरी गादी बोलली का?"

"अरे, किती माणसं ऐकतात तुला."

"ऐकत असतील. पिशवी जाते, पिशवी परत येते. आत कॅसेट असते आणि बाहेर पत्त्याचं कार्ड उलटं फिरवलेलं असतं. मध्ये काय झालं, कुणी सांगितलंय?"

आमचे श्रोते बिचारे, फुकट मिळणाऱ्या कॅसेटबद्दल तक्रार कशी करायची, म्हणून गप्प असायचे. आणि आम्ही, त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून काही विचारायचो नाही. दोन्हीकडून सभ्यपणा चालला होता.

जालिंदरनं एक शब्द मात्र दिला होता. हातात असलेली कादंबरी संपवूनच तो जाणार होता. घाटाखालच्या एका घराण्याची ती जाडजूड गोष्ट. तिच्यात बापू नावाचा एक म्हातारा होता, सगळ्या गावाला सावली देणारा. जालिंदरनं त्याला असा काही आवाज दिला होता की विचारू नका. आधी घसा खाकरायचा, मग छातीतून खोल, सावकाश शब्द. बापू मध्यावरच मरतो. तो भाग ध्वनिमुद्रित करताना मी हेडफोन काढून ठेवले आणि पदरानं डोळे पुसले. पण त्याच्या नंतरच्या भागात जालिंदरचं मन पुण्यात जाऊन बसलं होतं. तो भराभर वाचत सुटला. मीही त्या दिवसांत देणगीदारांच्या दारोदार फिरत होते, त्यामुळे त्याचं तोच यंत्र चालू करायचा, वाचायचा आणि बंद करायचा. चार कॅसेट भरल्या की आम्ही गरमागरम पाठवून द्यायचो. सगळं पुस्तक होईपर्यंत थांबणं श्रोत्यांच्या जिवावर येतं, असा आमचा अंदाज होता.

आमचे अध्यक्ष मगदूम सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मी जालिंदरचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कर्मचाऱ्यांचं मन कामात गुंतवून ठेवायचं एक शास्त्र असतं, हेमाताई. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी माणसं बोलावतात." आणि त्यांनी परिमल सरांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्याला माइक, चेहऱ्यावर न मावळणारं हसू. वाईट माणूस नव्हता. फुगे त्यानं स्वतःच्या पिशवीतून आणले होते.

फुगे झाल्यावर आम्हाला गोल उभं केलं. प्रत्येकानं उजवीकडच्या माणसाच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "तू आहेस म्हणून ही संस्था आहे." जालिंदरच्या डावीकडे मी होते. मी थाप मारली आणि ते वाक्य म्हटलं. दुर्दैवानं ते खरंच होतं, आणि खेळात म्हटल्यामुळे अगदीच फुकट गेलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. टक, टक, आणि मधूनमधून एका बाईचा आवाज. "किती पायऱ्या म्हणायच्या गं ह्या! कुणाला वर चढू द्याचंच न्हाई असं ठरीवलंय जणू!"

दारात दोन बायका आल्या. एक काठी टेकणारी, सत्तरीची, काळा चष्मा, खणाची चोळी, पदर कमरेला खोचलेला. दुसरी तिचा दंड धरून उभी, मध्यमवयीन, घाबरलेली.

"कॅसेटवालं ते हेच न्हवं?" म्हातारीनं विचारलं. "मी अक्काताई पोवार. कागलातनं आलोय. ही शेवंता, आमच्या शेजारची."

मी पुढं झाले. नाव मला पिशव्यांवरून चांगलं ठाऊक होतं. पण परिमल सर माझ्याही पुढं धावले. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! बघा मित्रांनो, आपले लाभार्थी! ज्यांच्यासाठी आपण झटतो, ते स्वतः चालून आले. ह्याहून मोठी प्रेरणा कुठली? या आजी, या. दोन शब्द बोला. मनापासून बोला." आणि त्यांनी गळ्यातला माइक काढून त्यांच्या हातात दिला.

अक्काताईंनी तो चाचपला, तोंडाशी नेला, आणि गरजल्या, "जालिंदर चौगुले कोन हाय रं तुमच्यात?"

जालिंदर अर्धवट पुढं झाला. आता कौतुक होणार म्हणून त्यानं शर्ट नीट केला, हे मी पाहिलं.

"मी, अक्का."

"तूच तो. आवाजच हाय." त्या त्याच्या दिशेनं वळल्या. "आता मला एक सांग. बापू मेलाय का जिता हाय?"

"कोण बापू?"

"कोन बापू! ऐका! स्वतः मारला आनि इचारतोय कोन बापू!" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "आमच्या गल्लीतल्या बाया तीन दिस चूल पेटवायला राजी न्हवत्या त्यो मेला तवा. शेंगा फोडत बसतो आमी दुपारची, तुझी टेप लावून. आठ-धा जनी असतात. आनि परवा नवीन कॅसेट लावली, तर दारावर कोन येतंय? कोन म्हनतंय, 'दार उघड सूनबाई, मी आलोय'? शेवंता, सांग की गं."

"बापूच की," शेवंता हळूच म्हणाली. "माझ्या हातनं शेंगांचं सूप पडलं."

जालिंदरचा चेहरा कोरा होता. मग त्याला उमगलं. "नाही अक्का, तो बापू नाही. तो त्याचा भाऊ, अण्णा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, अण्णा म्हणाला."

"ते आमाला बी ऐकू आलं. पर आवाज बापूचा! आमी म्हटलं, ह्यात कायतरी गोम हाय. बापू मेलाच न्हाई, आण्णाचं सोंग घिऊन आलाय. निम्मी गल्ली म्हनती तसंच हाय, निम्मी म्हनती भूत हाय. दोन जनी एकमेकीशी बोलत न्हाईत त्या पायी."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. परिमल सर आता अस्वस्थ झाले होते. "आजी, आपण जरा सकारात्मक दृष्टीनं..."

"तू कोन रं बाबा? तू कुनाचा आवाज काढतोस?"

"मी ट्रेनर आहे."

"मग जरा गप बस. ह्यात तुझं काय न्हाई."

परिमल सर बसले. जालिंदरला मात्र आता राग आला होता. त्याच्या कामाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. तो म्हणाला, "अक्का, ते सख्खे भाऊ. भावाभावांचा आवाज सारखा असतो. म्हणून मी तसा काढला."

अक्काताईंनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं त्यांना. त्यांनी माइक शेवंताच्या हातात दिला, नाक चिमटीत धरल्यासारखं केलं आणि किरट्या, गोडगोड आवाजात म्हणाल्या, "'दादा, तुमचं आपलं बरं आहे हो, आम्हाला कोण विचारतंय?' हे कोन?"

जालिंदरनं मान खाली घातली.

"बापूच्या पोरीच्या लग्नात आण्णा मांडवात हुभा ऱ्हाऊन हेच बोलला का न्हाई? नाकातनं बोलला का न्हाई? बापू जिता असताना आण्णा नाकातनं बोलतो, आनि बापू मेला की आण्णाला बापूचा आवाज? असं कुठं असतंय?"

मग त्यांनी घसा खाकरला. सावकाश, खोल, छातीतून. "'सूनबाई, दिवा मोठा कर. मला सगळ्यांची तोंडं बघायची आहेत.'"

हे बापूचं मरतानाचं वाक्य होतं. जालिंदरनं जिथं श्वास घेतला होता, तिथंच त्यांनी घेतला. तो 'सगळ्यांची' म्हणताना किंचित अडखळला होता, तसंच त्या अडखळल्या. आणि मग सून, तिची खाष्ट आत्या, हसत बोलणारा कारकून, एकेक माणूस त्या म्हातारीच्या तोंडून बाहेर पडू लागला. जालिंदरनं त्या गाद्यांच्या खोलीत घाम गाळून जन्माला घातलेली सगळी माणसं कागलच्या गल्लीत राहून, वाढून, परत आली होती. मी जालिंदरकडे बघत होते. त्याचे ओठ नकळत त्यांच्याबरोबर हलत होते.

"चाळीशीला काचबिंदूनं डोळं गेलं माझं," अक्काताई आता खालच्या आवाजात म्हणाल्या. "मला मानसाचं तोंड म्हंजे आवाज. तू बापूचं तोंड त्या चोरट्याला लावलंस. त्यो आण्णा सूनबाईचं घर लुबाडतोय, आनि मला ऐकू येतंय काय, बापू लुबाडतोय. देवमानूस व्हता रं त्यो. काय केलंस त्याचं?"

फुगे पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवर इकडून तिकडे घरंगळत होते.

मी बोलले नाही. माणसानं कुठं बोलू नये हे मला कळतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी फक्त उठले, वाचायच्या खोलीचं दार उघडलं, आत आणखी एक खुर्ची ठेवली, आणि अक्काताईंचा हात धरून म्हटलं, "चला अक्का, आत बसू या."

जालिंदर न सांगता मागोमाग आला. अक्काताईंनी भिंतीवरची गादी चाचपली, छताकडे तोंड करून अंदाज घेतला. "हितं वाचतोस? पंखा बी न्हाई?"

"पंख्याचा आवाज येतो, अक्का."

हात पुढं करून त्यांनी त्याचा खांदा शोधला आणि त्याला खुर्चीत दाबून बसवलं. मग स्वतः बसल्या. "आता खरं सांग. मेलाय का?"

"मेलाय, अक्का," जालिंदर म्हणाला.

"मग त्याला गप ठेव. नीट मरू दे. आमी एकदा रडलोय, फुरं झालं."

त्यानं पुस्तक उघडलं, अण्णा दारावर येतो ते पान काढलं. मी काचेबाहेर हेडफोन लावले आणि बटण दाबलं. "'दार उघड, सूनबाई, मी आलोय,'" जालिंदरनं नाकातून, गुळगुळीत आवाजात वाचलं. अक्काताईंनी मांडीवर थाप मारली. "हां! ह्योच त्यो मुडदा! आता बग कसा वळखू आला!" ती थाप आणि ते वाक्य टेपमध्ये आलं, म्हणून मी काचेवर टकटक केली. कुकरच्या शिट्टीखेरीज दुसऱ्या कशासाठी मी टकटक केल्याची ती पहिलीच वेळ.

एसटीच्या वेळेला जालिंदर दोघींना स्टँडवर सोडून आला. तोवर परिमल सर फुगे तिथंच टाकून गेले होते. मगदूम सर एका फुग्याला टाचणी लावावी की नाही, ह्या विचारात बसले होते. जालिंदर माझ्या टेबलापाशी आला.

"ताई, त्या कॅसेट जिथं जिथं गेल्यात तिथून परत मागवा. बापू गेल्यानंतरचं सगळं मी नव्यानं वाचणार."

"पुण्याच्या लोकांना काय सांगशील?"

"थांबा म्हणून सांगतो."

"आणि नाही थांबले तर?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळचट विचारलंय. "ताई, गल्लीतल्या दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत. ते आधी मिटवायला नको का?"

पुण्याचे लोक थांबले नाहीत. त्यांनी दुसरा आवाज घेतला आणि तो चांगला गाजलाही. जालिंदरनं त्याबद्दल कधी हळहळ केली असेल, तर ती घरी केली असेल. माझ्यासमोर नाही. सुट्टी मिळाली की तो कागलला जायचा, शेंगा फोडायला बसायचा आणि शिव्या खाऊन यायचा. आल्यावर मला सांगायचा, "आज आत्याबाईच्या हसण्यावरून झापलं. म्हणाल्या, खाष्ट बाई एवढ्या मोठ्यानं हसत नाही." हे सांगताना तो इतका खूश असायचा की पगारवाढ मिळालेली माणसंही मी तशी पाहिली नाहीत.

मला ह्यातून जे कळायचं ते कळलं. पुढं मी संस्थेत नवीन वाचक घेतला, की त्याला पहिल्याच आठवड्यात एका तिखट जिभेच्या श्रोत्याच्या घरी पाठवायचे. गोड बोलणारे श्रोते मी मुद्दाम टाळायचे. मगदूम सर म्हणायचे, "हेमाताई, पोरं पळून जातील." मी म्हणायचे, "बघाच तुम्ही." पोरं टिकली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. आमची माणसं मात्र जागची हलली नाहीत. दुसऱ्या संस्थांचे लोक येऊन मला विचारायचे की तुम्ही ह्यांना देता तरी काय? मी त्यांना कागलचा पत्ता द्यायचे.

अक्काताई पुष्कळ जगल्या. त्या गेल्याचा निरोप शेवंतानं दिला, तेव्हा जालिंदरचे केस पांढरे झाले होते. तो कागलला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखा वाचायला बसला.

काही महिन्यांनी एक नवीन कादंबरी हाती आली. तिच्यात एक म्हातारी होती, कडाकडा भांडणारी, पदर खोचून फिरणारी. ती पहिल्यांदा बोलते ते पान आलं. माझ्या कानाला हेडफोन होते. जालिंदरनं श्वास घेतला आणि पहिलं वाक्य वाचलं.

माझा हात बटणावरच राहिला. काठीची टक टक तेवढी ऐकू यायची बाकी होती. तोच चढा सूर, तीच धार, वाक्याच्या शेवटी तेच आपटणं. अक्काताई त्या गाद्यांच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. इतका सुंदर आवाज त्यानं आयुष्यात कधी काढला नसेल.

एक वाक्य संपलं आणि तो थांबला. मला वाटलं, गहिवरला असेल. मी काचेतून खुणेनं विचारलं, काय झालं? त्यानं कपाळावरचा घाम पुसला, पुस्तकावर हात ठेवला आणि माइकमधूनच म्हणाला, "हे पुसा, ताई. हिला दुसरा आवाज देतो."

"अरे, का? किती छान आलंय!"

"छान आलंय म्हणूनच." तो डोळे पुसत हसला. "मेलेल्या माणसाला परत बोलायला लावलं, तर त्या जिना चढून येतील."

मी ध्वनिमुद्रण मागे घेतलं आणि ते वाक्य पुसलं.